आधी प्रश्न, मग विद्यापीठ

आमच्या भाचीची मुलगी यंदा टी.वाय.ला आहे, रोह्याला. विषय मराठी. तिला पुढे भाषाविज्ञानात एम.ए. करायचे आहे. घरात अर्थातच दोन तट पडले. वडील म्हणतात, मराठीत एम.ए. कर, बी.एड. कर, शाळेला लाग. आजीचा प्रश्न वेगळाच, "म्हणजे हिला किती भाषा बोलता येणार?" मी जन्मभर पेण आणि रोह्यात मराठी शिकवले, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. तो इथेच लिहून टाकते, म्हणजे सगळ्या नातेवाइकांना एकदमच कळेल.

पोरीने इंटरनेटवरून अकरा विद्यापीठांची यादी काढली आहे. दिल्ली, हैदराबाद, पुणे, मुंबई, शिवाय इंग्लंड-अमेरिकेतली चार. क्रमवारीत जे वर ते यादीत वर. मला ही पद्धतच पटत नाही. वधूवर सूचक मंडळातही आपण नुसता पगार पाहून स्थळ ठरवत नाही!

भाषाविज्ञानाचे विभाग सगळीकडे सारखे नसतात. कुठे वाक्यरचनेच्या सिद्धान्तावर भर असतो, कुठे गावोगाव जाऊन बोली नोंदवण्यावर, कुठे संगणकाला भाषा शिकवण्यावर. तेव्हा आधी आपल्याला नेमके काय शोधायचे आहे ते ठरवावे, आणि त्याचा अभ्यास जिथे होतो तिथे अर्ज करावा. मराठी कशी घडली यावर झ्यूल ब्लॉक यांचा मोठा ग्रंथ १९२० साली फ्रेंचमध्ये निघाला. पुढे आपले ना. गो. कालेलकर शिकायला पॅरिसला गेले, यात मला तरी नवल वाटत नाही.

आता प्रश्न कुठून आणायचा? मंडळी, आपल्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. वर्गात आगरी मुले 'पडला'ला 'परला' म्हणत आणि 'शाळा'ला 'शाला'. ऐकणारा म्हणतो, अशुद्ध. पण नीट कान द्या, त्यात नियम आहे, आणि तो कसा आला हे विचारणे म्हणजेच भाषाविज्ञान. कातकरी वाड्यांवर म्हाताऱ्यांची बोली वेगळी आणि शाळेत जाणाऱ्या नातवंडांची मराठीकडे झुकलेली. ती बोली आणखी दोन पिढ्यांनी कुणाच्या तोंडी असेल? रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे एका बाजूला रेवदंडा आणि दुसऱ्या बाजूला कोर्लई. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण कोर्लईतल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली घराघरात टिकली. तिच्यावर क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी १९९६ साली आख्खे पुस्तक लिहिले. ते एवढ्या लांबून कोर्लईला आले. आपल्या पोरीला रोह्याहून जायचे आहे.

म्हणून माझी यादी तिच्यापेक्षा आखूड आहे. बोलींचा अभ्यास करायचा असेल तर पहिले नाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. मराठीच्या बोलींवर काम केलेले अ. मा. घाटगे तिथलेच. आपल्या महाडच्या कुणबी बोलीवरचे त्यांचे पुस्तक १९६६ सालचे. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींचे सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणे सर्वांसाठी खुली केली आहेत. अर्ज करण्याआधी ती ऐकावीत, कंटाळा आला तर तेही एक उत्तरच. शिवाय पेणहून खोपोलीमार्गे पुणे काही परदेश नाही. दुसरे नाव मुंबई विद्यापीठाचे, कलिन्याला भाषाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. तिसरे, सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन दिल्लीचे जेएनयू किंवा हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ. बस्स.

परदेश एम.ए.साठी नको असे माझे स्पष्ट मत. इंग्लंडात एम.ए. बहुधा एका वर्षाचे आणि स्वतःच्या खर्चाचे. अमेरिकेत पीएच.डी.ला निवड झाली तर पुष्कळ ठिकाणी फी माफ होते आणि विद्यावेतनही मिळते. मग आधी इथे एम.ए. करावे, हातात थोडे काम असावे, आणि तेव्हा तिकडे अर्ज करावा. एकेका अर्जाला काही हजार रुपये लागतात, तेव्हा हौस म्हणून चार अर्ज टाकायचे नाहीत. आणि पुस्तकावरचे नाव पाहून अर्ज करताना ते गृहस्थ अजून शिकवतात की निवृत्त झाले, एवढे तरी पाहावे!

आता वडिलांची काळजी. ती खोटी नाही. भाषाविज्ञानात प्राध्यापकाच्या जागा थोड्या, आणि मुलीला दोन वर्षे बाहेर ठेवायचे म्हणजे हॉस्टेलचा खर्च आलाच. पण बी.एड.ला तिची बी.ए.ची पदवी पुरते. भाषाविज्ञान करून ती वाट बंद होत नाही, फार तर दोन वर्षे पुढे जाते. खरी अडचण इंग्रजीची आहे. पुस्तके सगळी इंग्रजीत. माझ्यासारखी मराठी माध्यमातली बी.ए. जाणते की ही धास्ती काय असते. त्यावर उपाय एकच, परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत एक प्राथमिक पुस्तक कोश जवळ घेऊन रोज चार पाने वाचणे.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, पेढे वाटले गेले. चांगलेच झाले. पण वाडीवरची आजी बोलते ते लिहून घ्यायला माणूस लागतो, आणि तो त्या वाडीचा रस्ता माहीत असलेला असेल तर किती बरे. अर्जात "मला भाषांची आवड आहे" असे लिहू नकोस बाळा, ते सगळेच लिहितात. "आमच्याकडे 'पडला'ला 'परला' म्हणतात, मला त्याचे कारण हवे आहे" असे लिही.

बाकी निर्णय आई-वडिलांचा आणि तिचा. पहिल्या अर्जाची फी मात्र माझ्या पेन्शनमधून.