परतीचं तिकीट

ऑफिसातलं एक जोडपं अमेरिकेत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालायला गेलंय. वाट 4,200 किमीहून लांब; सुरुवात मेक्सिकोच्या सीमेवर, कॅम्पोला. वाळवंटातल्या पहिल्या 32 किमीत पाण्याचा भरवसा नाही. दोघं लिटर मोजून चालतात, पायाच्या फोडांचे फोटो टाकतात. आम्ही बदाम टाकतो.

2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा माकणीत, निम्न तेरणा धरणाच्या गावात, माझे आई-बाबा घागरी घेऊन असेच चालत होते. त्यांचा फोटो कुणी काढला नाही.

जोडप्यावर राग नाही. कंटाळले तर त्यांना विमान आहे. आईला कुठलं? जी चाल सोडता येत नाही, तिला साहस म्हणू नका. मराठवाड्याच्या चिवटपणाचं कौतुक पुरे. नळ कोरडा का, ते विचारा.