त्राटिका हे नाव कुणी ठेवलं?

नवऱ्याला दारूच्या पैशाचा हिशेब मागणारी, ग्रामसभेत उभी राहून सरपंचाला प्रश्न विचारणारी बाई दिसली की आपल्याकडे एक शब्द तयार असतो: त्राटिका. बाभुळगावच्या बाजारात तो ऐकू येतो, याचं आम्हाला नवल नाही. निळा झेंडा लागलेल्या वस्तीतही तो तितक्याच सहज वापरला जातो, याचं आहे.

त्राटिका म्हणजे रामायणातली ताटका. जंगलात राहणारी, रामाने मारलेली राक्षसी. राक्षस म्हणजे रक्षक, असा अर्थ जोतीराव फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त लावला. आपण तो भाषणात सांगतो आणि घरी विसरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकाचं मराठी रूपांतर केलं. मूळ नाटकात नवरा तोंडाळ बायकोला उपाशी ठेवून, झोपू न देता वठणीवर आणतो. मराठी नायिकेला नाव मिळालं त्राटिका. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवलं, त्राटिका रंगवली बळवंतराव जोगांनी. बाई पुरुषानेच व्हायचं आणि तिला सरळही पुरुषानेच करायचं! पुढे 'मोरूची मावशी' आली. मराठी विनोदातली सगळ्यात लाडकी खमकी बाई लुगडं नेसलेला पुरुषच आहे.

'विनोद आहे, विनोदासारखा घ्या,' असं काही मित्र म्हणतील. पण विनोदात कोण कोणाला हसतं, हा सत्तेचाच प्रश्न आहे.

चारशे वर्षांपूर्वीच्या स्पेनकडे बघा. माद्रिदच्या रंगमंचावर 1587 पासून बायकांना काम करायची परवानगी होती. तिर्सो दे मोलिना या ख्रिस्ती संन्याशाने 'हिरव्या विजारीचा दोन हिल' हे नाटक लिहिलं. लग्नाचं वचन देऊन एक गडी श्रीमंत बायकोच्या शोधात माद्रिदला पळतो. हुआना रडत बसत नाही. पुरुषाचा वेश करून त्याच्या मागे जाते आणि त्याला असा गोल गोल फिरवते की शेवटी तो मुकाट लग्नाला उभा राहतो. तिथे बाई पुरुषाचा वेश घेऊन न्याय मिळवते. आपल्याकडे पुरुष बाईचा वेश घेऊन हशा मिळवतो.

स्पेनची आरती ओवाळायची नाही. लोपे दे वेगाच्या एका नाटकात दियाना ही सरदारीण आपल्याच कारकुनावर प्रेम करते, पण त्याचं कुळ हलकं. मग लग्न कसं होतं? तो एका उमरावाचा हरवलेला मुलगा आहे, अशी थाप त्याचा नोकर मारतो. दियानाला खरं कळतं, तरी ती लग्न करते. बाई हिंमतीची, पण जात मोडत नाही. खोटा दाखला काढावा लागतो. आंतरजातीय लग्नाचं आजही आपल्या तालुक्यात काय होतं, ते वाचकांना सांगायला नको.

मराठी रंगमंचावर बाई नव्हतीच, हेही खोटं. सभ्य म्हणवणाऱ्या रंगभूमीवर बालगंधर्व शालू नेसून नायिका होत होते, त्याच काळात महार घरातली पवळा हिवरगावकर तमाशाच्या बोर्डावर स्वतः उभी होती. एकाला संस्कृती म्हटलं, दुसरीला बाजारबसवी. जलशांनी प्रबोधन मोठं केलं, पण बायकांची कामं तिथेही बहुतेक पुरुषच करत. हे आपण आपल्या तोंडाने बोललं पाहिजे.

वेगळी वाट फुल्यांनी 1855 लाच दाखवली होती. 'तृतीय रत्न'मध्ये जोशीबुवा गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, विदूषक त्याची टर उडवतो आणि शेवटी नवरा-बायको शिकायचं ठरवतात. इथे हसं होतं ते लुबाडणाऱ्याचं. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं आणि ते छापून यायला 1979 उजाडलं.

आणि आपण जयंतीला काय दाखवतो? रमाई गोवऱ्या थापते, रमाई रडते, पडदा पडतो. रमाईचा त्याग मोठाच आहे, पण आपल्या मुलींना दाखवायला आपल्याकडे फक्त अश्रूच आहेत का? 1942 च्या नागपूरच्या महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे आपल्या वऱ्हाडातल्या. त्यांच्यावर एक तरी प्रवेश कुणी बसवलाय? अन् बुवाबाजी करणाऱ्याला, हुंडा मागणाऱ्या साहेबाला हसत हसत उघडं पाडणारी बाई आपल्या नाटकात कधी येणार?

'मुलीच मिळत नाहीत,' असं मंडळं सांगतात. तालीम रात्री दहाला, तीही पोरांच्या अड्ड्यावर ठेवली तर कशा मिळतील? येत्या 14 एप्रिलच्या नाटकाची तालीम संध्याकाळी सहाला विहारात ठेवा, आयांना समोर बसवा, आणि संहिता लिहायला बसाल तेव्हा वहीपेन मुलींच्या हातात द्या.