अडीच सेकंदांचा हिशेब

नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. त्यात न्यूटनचा दुसरा नियम येतो: बल = वस्तुमान × त्वरण. १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडलेला हा नियम आपली मुले दोन मिनिटांत पाठ करतात. पण ‘बल चौपट केले तर गाडी किती लवकर पोचेल?’ असे विचारले, की झटकन उत्तर येते, ‘चौपट लवकर!’ हे उत्तर चुकीचे आहे. ते का चुकते, हे टेबलावर प्रयोग केला की समजते.

साहित्य साधेच: चाकांची ट्रॉली, दोरा, टेबलाच्या कडेला कप्पी आणि खाली लोंबणारे छोटे पारडे. हे सगळे वजनांसकट मिळून एक किलो धरू. आधी ट्रॉलीखालची फळी एका बाजूने किंचित उचलायची. दोरा न लावता हलका धक्का दिला, की ट्रॉली एकाच वेगाने जात राहिली पाहिजे. म्हणजे घर्षणाचा हिशेब मिटला.

आता पारड्यासह २० ग्रॅम लोंबू द्या. ओढणारे बल सुमारे ०.२ न्यूटन. ६० सेंटीमीटर जायला ट्रॉलीला साधारण अडीच सेकंद लागतात. मग ट्रॉलीवरचीच ६० ग्रॅम वजने उचलून पारड्यात टाका. बाहेरून नवी वजने घ्यायची नाहीत. लोंबणारे वजनही ट्रॉलीबरोबर वेग घेत असते, म्हणून एकूण वस्तुमान तेच राहायला हवे. बल चौपट, त्वरण चौपट. वेळ मात्र निम्मा, सव्वा सेकंद. कारण थांबलेली वस्तू सारख्या त्वरणाने निघाली, की तिचे अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढते. शेवटी ट्रॉलीवर ३ किलो चढवा. वस्तुमान चौपट, त्वरण पाव. वेळ पुन्हा अडीच सेकंद!

प्रत्यक्षात आकडे इतके नेटके येत नाहीत. स्टॉपवॉच दाबताना हात थोडा उशीर करतोच, आणि सव्वा सेकंदात तेवढी चूकही मोठी असते. म्हणून पाच वेळा मोजून सरासरी काढावी, किंवा मोबाइलवर चित्रण करून संथ गतीने पाहावे. पण अनेक ठिकाणी मुले सूत्रावरून उलटे गणित करून जर्नल भरतात, नाहीतर शेजारच्याचे आकडे उतरवतात. जे मोजलेच नाही ते ‘निरीक्षण’ म्हणून लिहिणे हे खोटेच. वहीत २.८ सेकंद आले असतील तर २.८ च लिहावेत आणि फरक का पडला ते शोधावे. खरे शिक्षण तिथे होते.

हा नियम आपल्या दारातही उभा असतो. स्कूटर आणि अब्बा मिळून १८० किलो धरले, तर अम्मी आणि दोन मुले बसल्यावर ते २७० किलो होतात. वेग तोच आणि ब्रेकचे बलही तेवढेच राहिले, तर थांबायला दीडपट अंतर लागते. म्हणून सगळे बसलेले असताना वेग कमी आणि पुढच्या वाहनापासून अंतर जास्त हवे.

तेव्हा पालकांनी गुण विचारण्याआधी एवढे जरूर विचारावे, ‘बेटा, हे आकडे तू स्वतः मोजलेस का?’ लेकीलाही विचारावे. गटात नुसते बाजूला उभे राहून लिहून घेण्यापेक्षा स्टॉपवॉच तिच्याही हाती यायला हवे.