सायकलीची मोडलेली चौकट आणि न झालेली नोंद

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. गरिबाच्या वाहनावरील कर उतरला याचे स्वागत सर्वांनीच केले आणि ते योग्यही होते. तथापि वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घेतलेली सायकल किती वर्षे टिकेल, तिची चौकट मध्येच मोडली तर भुर्दंड कोणी सोसावयाचा, आणि अशा चौकटी किती मोडतात याचा हिशेब कोणापाशी आहे, या प्रश्नांना करकपातीने स्पर्शही होत नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर असे आहे की, हा हिशेब ठेवण्याचे बंधन आपल्या देशात कोणावरही नाही.

शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे गाव. आता त्याची दुसरी ओळख औद्योगिक वसाहतीची आहे. येथे शीतकपाटे तयार होतात, मोटारगाड्या तयार होतात. फियाट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात तयार झालेल्या ‘जीप कंपास’ या गाडीचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. २०१७ च्या अखेरीस पुढील प्रवाशाच्या एअरबॅगमध्ये दोष असण्याची शक्यता दिसताच कंपनीने अशा सुमारे १२०० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्या वेळी गाडी परत बोलावण्याची सक्ती करणारा कायदा नव्हता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम अमलात आले. त्यांनुसार सात वर्षांच्या आतील वाहनांविषयी ठराविक प्रमाणात तक्रारी नोंदल्या गेल्या, तर ती वाहने परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते. दंड दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत आहे. मोटारीला सांगाडा क्रमांक असतो, परिवहन कार्यालयात मालकाचे नाव-पत्ता असतो, म्हणूनच हे सारे शक्य होते.

त्याच वसाहतीच्या फाटकातून पहिल्या पाळीला सायकलीवरून आत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला मात्र या व्यवस्थेत जागा नाही. सायकल हे कायद्याच्या व्याख्येनुसार मोटार वाहन नव्हे, म्हणून परत बोलावण्याचे नियम तिला लागू नाहीत. मोटारगाडी बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेकडून नमुन्याची मान्यता घ्यावी लागते. सायकलीला अशी अट नाही. सायकलीच्या सुरक्षिततेविषयी भारतीय मानक ब्युरोची मानके आहेत. पण २०२० साली सक्तीचा आदेश निघाला तो सायकलीवरील परावर्तकांपुरता. रात्री मागून येणाऱ्या ट्रकला सायकल दिसावी, ही दक्षता शासनाने घेतली. ती सायकल स्वाराच्या वजनाखाली उभी राहावी, ही दक्षता उत्पादकाच्या मर्जीवर सोडली.

चौकट मोडते कशी, हे समजून घेतले पाहिजे. ती क्वचितच एका धक्क्याने मोडते. दर पायडलाला, दर खड्ड्याला तिच्यावर ताण येतो आणि जातो. अशा लाखो आवर्तनांनंतर सांध्याजवळ केसाएवढी चीर पडते, ती रंगाखाली वाढत राहते आणि एके दिवशी नळी तुटते. याला अभियंते धातूचा थकवा म्हणतात. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली राहिला तर हा थकवा जवळजवळ येत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, त्याचे आयुष्य मोजकेच असते. म्हणूनच ‘आयएसओ ४२१०’ या आंतरराष्ट्रीय मानकात चौकटीवर पायडलाचा दाब एक लाख वेळा देऊन पाहण्याची चाचणी सांगितली आहे. साध्या सायकलीसाठी हा दाब १००० न्यूटन, माउंटन बाइकसाठी १२०० न्यूटन.

आता ‘माउंटन बाइक’ या नावाने आपल्या बाजारात काय विकले जाते ते पाहावे. जाड टायर, पुढे शॉकअप, चौकटीवर भडक अक्षरे. पूर्वीच्या काळ्या सायकलीत नळ्या पोलादी खोबणीत बसवून पितळेने जोडलेल्या असत. आज बहुतेक चौकटींत नळीला नळी थेट वेल्ड केलेली असते. ही पद्धत मुळात वाईट नाही, पण सांध्याची गुणवत्ता कारागिराच्या हातावर आणि कारखान्यातील तपासणीवर अवलंबून असते, आणि वरून रंग दिल्यावर ती कोणालाही दिसत नाही. नावातला डोंगर हा पुष्कळदा केवळ जाहिरातीपुरता असतो. डोंगरउतारावर उडी मारली म्हणून चौकट मोडली, असे सिद्ध झाल्यास हमी संपते, ही अट हमीपत्रात बारीक अक्षरांत असतेच.

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक लेख लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. विक्रेत्याला वस्तूचा दोष ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात, अशा बाजारात चांगली वस्तू हळूहळू हद्दपार होते, हे त्याचे म्हणणे. हमी हा त्यावरचा एक उतारा. जो उत्पादक चौकटीला अनेक वर्षांची हमी देतो, तो आपल्या मालावर विश्वास दाखवितो. परंतु हमीला अर्थ येतो तो मोडलेली वस्तू उत्पादकापर्यंत पोहोचत असेल तर.

आणि ती पोहोचत नाही. सात-आठ हजारांच्या सायकलीची चौकट मोडली की माणूस ती उचलून चौकातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेतो. कामावर उद्या जावयाचे असते. दुकानदार, वितरक, कंपनीचा प्रतिनिधी अशी पायरी-पायरी चढून महिनाभर थांबणे त्याला परवडत नाही. बिल हरवलेले असते. वेल्डिंगवाला थोडक्या पैशांत सांधा भरून देतो. त्या उष्णतेने शेजारची नळी आणखी कमकुवत होते आणि काही महिन्यांनी चौकट जुन्या जोडाच्या बाजूला पुन्हा मोडते. दुरुस्तीची ही आपली परंपरा काटकसरीची आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र तिच्यामुळे पुरावाच नाहीसा होतो. उत्पादकाच्या वहीत तक्रार शून्य राहते आणि शून्य तक्रारींचा अर्थ शून्य दोष असा लावला जातो. मोटारींच्या नियमांतही नोंदलेल्या तक्रारींचीच संख्या मोजतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

नोंद असली की उत्पादकाचे वर्तन बदलते, हे दोन उदाहरणांवरून दिसते. ‘ओला’ कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा पुढचा फोर्क मोडल्याच्या तक्रारी छायाचित्रांसह लोकांसमोर येऊ लागल्या. मार्च २०२३ मध्ये कंपनीने तो भाग मोफत बदलून देण्याची तयारी दाखविली. मात्र ‘रिकॉल’ हा शब्द टाळून त्याला सुधारणा म्हटले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर या कंपनीविरुद्ध आलेल्या १०,६४४ तक्रारींच्या आधारे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिला नोटीस दिली. बहुतांश तक्रारींचे निराकरण झाल्याचे कंपनीचे म्हणणे आहे. ते मान्य केले तरी, तक्रारींची संख्या एका ठिकाणी मोजली गेली म्हणूनच कंपनीला उत्तर देणे भाग पडले, हे नाकारता येत नाही.

दुसरे उदाहरण खास सायकलीचे. जपानच्या शिमानो कंपनीने २०१२ ते २०१९ या काळात बनविलेले काही क्रँक, म्हणजे पायडल ज्यावर बसते ते दांडे, चिकटविलेल्या जोडातून सुटू लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेतील सुमारे ७ लाख ६० हजार क्रँक तपासणीसाठी बोलावण्यात आले. तोवर अशा ४,५१९ घटना आणि सहा जखमी नोंदले गेले होते. हजारो घटना घडेपर्यंत पावले का उचलली नाहीत, आणि सरसकट बदलून न देता केवळ तपासणीत दोष दिसलेलेच भाग का बदलले, ही तेथील सायकलस्वारांची टीका रास्त होती. पण ४,५१९ हा आकडा अस्तित्वात आहे. तेथे धोकादायक दोष कळल्यावर उत्पादकाने २४ तासांत शासकीय आयोगाला कळविले पाहिजे, असा दंडक आहे.

आपल्याकडे कायदा अजिबात नाही, असे मात्र नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धोकादायक वस्तू, मग ती कोणतीही असो, परत बोलावण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने ‘ॲमेझॉन’वरून विकले गेलेले २,२६५ प्रेशर कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे देण्याचा आदेश काढला. हे प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले, तरी आदेशाचा पाया स्पष्ट होता: कुकरला मानकचिन्ह सक्तीचे होते आणि त्या कुकरांवर ते नव्हते. सायकलीच्या चौकटीला तशी सक्ती नसल्यामुळे कशाचे उल्लंघन झाले म्हणावयाचे, येथेच गाडे अडते. जिल्हा आयोगाकडे जाण्यास पाच लाखांपर्यंत शुल्क नाही हे खरे. पण दोष प्रयोगशाळेत तपासावा लागला तर त्याचे शुल्क आरंभी तक्रारदारालाच भरावे लागते. उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणात तर स्वतः वस्तूचे नुकसान ‘हानी’ या व्याख्येतून वगळले आहे. कामगाराचे हाड मोडले तर ते प्रकरण त्याच्या कामी येईल. केवळ सायकल मोडली तर नाही.

उत्पादकांची बाजूही ऐकली पाहिजे. कॅरिअरवर दुधाचे कॅन, पुढच्या नळीवर मूल, मागे बायको, अशा भाराने चौकट मोडली तर दोष कोणाचा, असे ते विचारतात. परंतु येथील सायकल अशीच वापरली जाते हे पन्नास वर्षे ठाऊक असलेल्या धंद्याने चाचणीही त्याच भाराची घ्यावी, हे न्यायाचे होईल. सक्तीने लुधियानाचे लहान कारखानदार अडचणीत येतील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मानकसक्तीच्या आदेशांनी कच्चा माल महाग झाल्याच्या तक्रारी इतर उद्योगांतून आल्याच आहेत. म्हणून सबंध सायकलीवर सक्ती न लादता ती चौकट आणि पुढचा फोर्क या दोनच भागांपुरती, पुरेशी मुदत देऊन आणावी. साखळी तुटली तर माणूस चालत घरी जातो. फोर्क तुटला तर तो तोंडावर पडतो.

राहिला नोंदीचा प्रश्न. एके काळी नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पितळी बिल्ला देत. तो कर गेला हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर सायकल कोणाची आहे हे सांगणारी नोंदवहीही गेली. चौकटीवर क्रमांक आजही ठोकलेला असतो; बिलावर तो लिहिण्याची व उत्पादकाला कळविण्याची सक्ती केली तर फारसा खर्च येणार नाही. आरंभ राज्य शासनाला स्वतःपासून करता येईल. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी दिले जाणारे अनुदान २०२२ साली ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आले. त्यासाठी बिल सादर करावेच लागते. त्या बिलावर चौकटीचा क्रमांक असावा आणि चौकट मोडल्यास मुलीने शाळेत सांगावे, शाळेने ते जिल्हा नियोजन कार्यालयाला कळवावे, एवढी अट घातली, तर दोन-तीन वर्षांत कोणत्या बनावटीच्या किती चौकटी कोठे मोडतात याचा या राज्यातील पहिला तक्ता तयार होईल.