गुलू विद्यापीठातील संशोधनक्षमता आणि आंतरराष्ट्रीय भागीदारी

गुलू विद्यापीठ हे उत्तर युगांडातील सार्वजनिक विद्यापीठ असून ते २००२ मध्ये सुरू झाले. त्या वेळी हा प्रदेश लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी आणि सरकारी सैन्य यांच्यातील युद्धात होरपळत होता. आचोली समाजातील बहुसंख्य लोक विस्थापितांच्या छावण्यांत राहत होते. शस्त्रसंधी २००६ साली झाली. कंपाला येथील मकेरेरे विद्यापीठाच्या शैक्षणिक परंपरेचा आरंभ १९२२ सालचा आहे. गुलूला असा कोणताही वारसा नव्हता.

२००४ मध्ये वैद्यक विद्याशाखा सुरू झाली. तिला इटलीतील नेपल्सच्या फेदेरिको द्वितीय विद्यापीठाचे साहाय्य लाभले आणि तेथील प्राध्यापक गुलूत येऊन शिकवू लागले. डॉक्टर घडवण्यासाठी हे उपयुक्त होते. संशोधनाची गरज मात्र निराळी असते: पीएच.डी. मार्गदर्शक, ग्रंथालय, नैतिकता समिती, अनुदानाचा हिशेब ठेवणारे कार्यालय.

डेन्मार्कच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या निधीतून २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘बिल्डिंग स्ट्राँगर युनिव्हर्सिटीज’ या कार्यक्रमाचा रोख या गरजांकडे होता. पहिल्या टप्प्याची आखणी डॅनिश विद्यापीठांच्या विषयवार गटांनी केली. पुढील टप्प्यांत अग्रक्रम ठरवण्याची जबाबदारी दक्षिणेकडील विद्यापीठांकडे आली. हा बदल वरकरणी कार्यालयीन वाटतो, परंतु त्यामुळे संशोधनाचा प्रश्न कोणी विचारायचा हेच बदलले. गुलूने युद्धोत्तर काळातील हक्क, साधनसंपत्ती आणि स्त्री-पुरुष संबंध हा विषय पुढे आणला. छावण्यांतून परतलेल्या कुटुंबांना आपल्या जमिनीच्या सीमा सापडत नव्हत्या. त्या ठाऊक असलेले अनेक वृद्ध मरण पावले होते आणि विधवांचा जमिनीवरील हक्क नाकारला जात होता. हा प्रश्न कोपनहेगनमध्ये बसून कदाचित सुचलाही असता, पण आचोली भाषेत मुलाखत घेऊ शकणाऱ्या अध्यापकाला तो अधिक नेमका मांडता येतो.

अध्यापकाने काही काळ परदेशी आणि उरलेला काळ स्वतःच्या विद्यापीठात राहून पीएच.डी. पूर्ण करण्याच्या व्यवस्थेला ‘सँडविच’ पद्धत म्हणतात. तिच्यामुळे अध्यापक कायमचा परदेशी राहण्याची शक्यता घटते. मात्र मायदेशी येताच तासिकांचा भार पुन्हा अंगावर पडतो आणि लेखन मागे राहते. पदवी मिळाल्यावरही प्रयोगशाळेची दुरुस्ती, नियतकालिकांची वर्गणी आणि पुढील विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती यांसाठी दरवर्षी पैसा लागतो. देणगीदार देशाचा निधी ठरावीक मुदतीचा असल्याने हा नित्य खर्च अखेरीस युगांडा सरकारच्या अंदाजपत्रकावर आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कावर येतो.