रोबोला शिव्या देऊन मिस्त्री वाचणार नाही

‘रोबो आला की आपली पोरं रस्त्यावर येणार.’ पनवेलच्या नाक्यावर चहा पिताना हे वाक्य हल्ली सारखं कानावर येतं. बोलणारे बहुतेक आपलेच: सेंटरिंगवाले, टाइल्सवाले, फॅब्रिकेशनवाले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, माझे मामू प्लास्टरचे मिस्त्री. मला ही भीती अर्धीच खरी वाटते.

खरी अशी, की काम खरंच बदलतंय. २०२२ मध्ये पनवेल तालुक्यातल्याच बामणडोंगरीत सिडको आणि एल अँड टीने ९६ घरांची बारा मजली इमारत ९६ दिवसांत उभी केली. सुटे भाग आधीच ओतून आणले, क्रेनने जोडले. ही रोबोची करामत नव्हती. पण जिथे इमारत सुट्या भागांची होते, तिथे रोबोला शिरायला दार उघडतं. स्वित्झर्लंडच्या फ्लेश गावातल्या एका इमारतीसाठी रोबोने २००६ मध्येच वीस हजार विटा रचल्या होत्या.

पण रोबोला प्रत्येक विटेची जागा आणि कोन आकड्यांत सांगावा लागतो. सांधा कुठे गळेल, भिंत ओळंब्यात आहे का, हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नाही. मामू नुसता हात फिरवून सांगतात. हे हुनर यंत्राला हवंच आहे. मग यंत्राशेजारी मामू का नकोत?

कारण त्यांना तिथवर कुणी नेतच नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर लावला, तो कामगारांच्या कल्याणासाठी. तो खर्चावर आहे, हातांच्या संख्येवर नाही. भिंत माणसाने बांधो की यंत्राने, पैसा जमा होणारच. पण लाभासाठी मंडळात नोंदणी लागते आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. तीस वर्षं भिंती उभ्या करणाऱ्या माझ्या मामूंना एकाही ठेकेदाराने तो दिला नाही. त्यांच्या पोटावर पाय रोबोने दिला का?

म्हणून दोस्तांनो, यंत्रबंदी मागू नका. त्याच उपकरातून नकाशा वाचण्याचं, सांधे भरण्याचं, यंत्र चालवण्याचं प्रशिक्षण मागा. पनवेलमध्ये, मराठी आणि उर्दूत, बुडालेल्या रोजाच्या भरपाईसह. आणि आपण शिकलेल्यांनी फक्त भाषणं देऊ नयेत. या रविवारी आपल्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला एवढंच विचारा: नोंदणी झाली का? नसेल तर दाखल्यासाठी त्याच्याबरोबर ठेकेदाराच्या दारात उभे राहा. मी मामूंबरोबर जाणार आहे.