दोन रेघा आणि दाजींचा तांब्या

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. डोकं तापलंय म्हणून लिहितोय. वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींपैकी काहींना झोंबेल. झोंबू द्या.

मागच्या महिन्यात हदगावला गेलो होतो. दाजींचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं. आदल्या दिवशी रक्त तपासलं, कार्डावर दोन रेघा उमटल्या आणि कागदावर छापून आलं, 'अँटी-एचसीव्ही रिॲक्टिव्ह'. झालं! "इथं जमणार नाही, मोठ्या गावी जा" एवढं सांगून घरी पाठवलं. (दवाखान्याचं नाव घेत नाही.) दाजींच्या आधी बातमी घरी पोचली. "पांढरी कावीळ हाय म्हणं." "पोरीची सोयरीक कशी व्हायची आता?" ताईनं काही न बोलता दाजींचा तांब्या वेगळा काढून ठेवला. (पांढरी कावीळ म्हणतात ती बी, ही सी. पण ऐकतंय कोण!)

दाजी मला विचारत होते, "कामून असं करायलेत रे समदे?"

मी पुण्यात काही वर्षं प्रयोगशाळेत प्रथिनं शुद्ध करायचं काम केलंय, म्हणून सांगतो. ते कार्ड विषाणू शोधतच नाही! त्यावर विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे लावलेले असतात, आणि तेही विषाणूपासून काढलेले नसतात. विषाणूच्या जनुकाचा तुकडा ई. कोलाय जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालायचा आणि प्रथिन त्यांच्याकडून बनवून घ्यायचं. दुसरा इलाजच नव्हता. मायकेल हाउटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि डॅनियल ब्रॅडली यांनी १९८९ मध्ये हा विषाणू शोधला तो डोळ्यांनी न बघता. बाधित चिंपांझीच्या रक्तातून मिळवलेल्या जनुकांच्या असंख्य तुकड्यांत त्यांना एक तुकडा असा सापडला, ज्याचं प्रथिन रुग्णाच्या अँटिबॉडीला चिकटत होतं. विषाणू प्रयोगशाळेत नीट वाढवता आला तो थेट २००५ मध्ये! मधल्या काळात रक्तपेढ्यांची चाचणी आली ती याच बनवून घेतलेल्या प्रथिनांवर, आणि औषधं शोधणाऱ्यांनाही विषाणूच्या एन्झाइमचा आकार कळला तो अशाच प्रथिनांमुळे. २०२० चं नोबेल हाउटन, आल्टर आणि राइस यांना मिळालं ते उगीच नाही.

तेव्हा माझा राग प्रथिनांवर नाही. ती जे सांगत नाहीत ते वाचणाऱ्यांवर आहे.

अँटिबॉडी म्हणजे घरी येऊन गेलेले पोलीस. चोर अजून घरात आहे का, हे पोलिसांच्या पावलांवरून कळत नाही. बाधा झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोक सहा महिन्यांत औषधाशिवाय विषाणूमुक्त होतात, तरी रेघ उमटतच राहते. औषधानं बरे झालेल्यांचीही. आणि कधी कधी पोलीस भलत्याच गुन्ह्यासाठी आलेले असतात. पहिल्या चाचण्यांत तर यीस्टमध्ये बनवलेल्या त्या जोडप्रथिनामुळेही खोट्या रेघा येत. साधा हिशोब करा. समजा, हजार माणसांत ५ खरे बाधित आहेत आणि चाचणी शंभर निरोग्यांत एकाला चुकून धरते. म्हणजे १० निरोगी माणसं पकडली गेली. पंधरांतले दहा निर्दोष!

म्हणूनच रिॲक्टिव्ह आलं की आरएनए चाचणी करायची असते. तीच विषाणू आहे की नाही ते सांगते. अमेरिकेच्या सीडीसीनं २०१३ मध्येच तसं लिहून ठेवलंय. आमच्याकडे मात्र पहिल्या कागदावरच निकाल लागतो.

आणि समजा, विषाणू असता तरी? १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंच्याण्णवहून जास्त लोक बरे होतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध फुकट आहे. हा रोग रक्तातून पसरतो, वापरलेल्या सुईतून, वस्तऱ्यातून. तांब्यातून नाही. आणि हातमोजे, निर्जंतुक अवजारं तर दर रुग्णाला वापरायचीच असतात ना? की रेघ नसलेल्याला धुतल्याशिवाय वापरता?

असो. दाजींची आरएनए चाचणी करायला लावली, नमुना बाहेर पाठवला. विषाणू नाही. ऑपरेशन दुसरीकडे झालं, आता बरे आहेत.

पण ताई, परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं, तांब्या अजून खिडकीतच आहे.